बस्त्याची पिशवी

एकोणीसचा पूर उतरला तेव्हा
सुतारवाड्यातल्या आमच्या खोलीत
घोट्याएवढा गाळ होता,
आणि खिडकीच्या गजांना पिशव्या.
धुणं वाळत घालावं तशा, ओळीनं:
दुधाच्या, खताच्या, कुणाच्यातरी बारशाच्या.
मी ओढत होतो, सुनेत्रा बादलीत टाकत होती.
एक तिनं टाकली नाही. पदरानं पुसली.
लाल अक्षरं निम्मी उरलेली,
लक्ष्मीपुरीतल्या दुकानाची.
आमच्या लग्नाचा बस्ता तिथलाच.

लग्नानंतर आठवड्यानं
सुकलेले हार, मुंडावळ्या, सगळं
असल्याच पिशवीत कोंबून
पुलावरून नाल्यात मीच सोडलं होतं.
हात जोडून सोडलं होतं.
ती म्हणाली, "नाल्यानं बारा वर्षं सांभाळली बघा."
मी म्हणालो, "हीच कशावरनं? हजार वाटल्या असतील त्यानं."
"मग नऊशे नव्याण्णव कुठं हायत?"
हसली नाही.

तेव्हापासून घरात कायदे लागले. तोंडी.

लेथवरच्या ठिणग्यांनी भोकं पडलेली माझी पँट
तिनं गुडघ्यावर कापली,
दोन पायांच्या दोन पिशव्या शिवल्या.
आता मी कपिलतीर्थातनं
माझ्याच पोटरीत दोडके भरून आणतो.
दूध गंगावेशीतनं, किटलीत,
धार डोळ्यांदेखत, फेस झाकणाबाहेर.
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला.
अंघोळ एका बादलीत.
(दुसरी मागितली तर बाहेरनं विचारते,
"आज कुणाचं लगीन?")
कुकरची दुसरी शिट्टी झाली की गॅस बंद,
पुढची डाळ वाफ शिजवते, असं तिचं म्हणणं.
कधीकधी शिजत नाही.
आम्ही कचकच चावतो, बोलत नाही.

गच्चीवर रंगाच्या डब्याला भोकं पाडून
तिनं साली, देठं, चहाचा चोथा साठवला.
पहिल्या खेपेला अळ्या झाल्या.
खालच्या बागलबाई नाक धरून वर आल्या,
"आमच्याकडं पावणे आलेत, आणि हे काय?"
रात्री आम्ही दोघांनी चोरासारखा डबा बांधला,
सकाळी घंटागाडीत.
मी म्हणालो, "झालं न्हवं समाधान?"
ती गुऱ्हाळावर गेली,
पोतंभर वाळलेली चिपाडं घेऊन आली,
एक थर ह्याचा, एक थर त्याचा.
वास गेला. अळ्या गेल्या का, मी बघितलं नाही.
दिवाळीला डब्यात काळी माती होती
आणि कुणी न लावलेलं टोमॅटोचं रोप.
बागलबाई मोगऱ्याला मूठभर मागायला आल्या,
नाक न धरता.

लाईटबिल एकशेचाळीस रुपयांनी कमी आलं.
पंचगंगेला काय फरक पडला
ते मला सांगता येणार नाही.
गेल्या बुधवारी पिशवी विसरलो.
वांगी अर्धा किलो, मेथी, लिंबं.
भाजीवालीनं काळी पिशवी फटकन उघडली.
मी हेल्मेट काढून पुढं केलं.
"आवं, डोसकं फुटंल की!"
"फुटू द्या. घरी गेल्यावर फुटण्यापरास बरं."
मेथीचा वास केसांत दोन दिवस राहिला.

काल रात्री राजाराम बंधारा
एकोणचाळीस फुटांवर गेला.
गल्लीत सगळ्यांच्या हातात मोबाईल,
सगळ्यांच्या तोंडात एकच आकडा.
आम्ही सामान माळ्यावर चढवायला लागलो.
आधी रेशनकार्ड, पोराची दप्तरं, मग मिक्सर.
दाराच्या खिळ्याला ती बस्त्याची पिशवी,
इतकी वर्षं तिच्यात कपड्यांचे चिमटे.
सुनेत्रानं चिमटे ताटात ओतले,
पिशवीची चौकोनी घडी घातली,
आणि ब्लाऊजमध्ये खोवली,
जिथं ती पैसे ठेवते.

"ही आता जायला नको परत," म्हणाली.
मी मिक्सर वर दिला.